'बेळगावात बसून': एका प्रतिक्रियेला उत्तर

टायटॅनियमच्या चिप्स, म्हणजे मशीनवर धातू कापताना निघणारा कीस, आणि धातूमागच्या कार्बनचा हिशेब यावर मी मागच्या आठवड्यात जो लेख लिहिला, त्याखाली 'एक धातुअभियंता' या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं: क्रोल प्रक्रिया, म्हणजे खनिजापासून टायटॅनियम काढायची नेहमीची पद्धत, ऐंशी वर्षं आहे तिथंच आहे आणि नवे शोध प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडत नाहीत. टायटॅनियमची बहुतेक खनिजं धातूसाठी नव्हे, तर पांढऱ्या रंगासाठी वापरली जातात, मग धातूच्या कार्बनवर एवढा खल कशाला? लाल चिखलातून, म्हणजे बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळातून, टायटॅनियम काढणं परवडत नाही. इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाबद्दलचा माझा आकडा चुकला आहे. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: "बेळगावात बसून, भट्टीचं तोंड न बघता, गूगलवर चार लेख वाचून टायटॅनियम शुद्ध करायला निघालेल्यांनी आधी एखाद्या कारखान्याची पायरी चढावी."

चूक आधी कबूल करतो. इल्मेनाइटमध्ये 'निम्मं टायटॅनियम' असतं, असं मी लिहून गेलो. निम्मं असतं ते टायटॅनियम डायऑक्साइड. शुद्ध इल्मेनाइट धरलं तर ते ५२.६ टक्के भरतं आणि त्यातला धातू ३१.६ टक्के. तुमचा आकडा बरोबर आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आणि त्याबद्दल मनापासून आभार.

आता ते वाक्य.

लेखकाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती, हे साध्या शब्दांत विचारता आलं असतं. मी दोन ओळींत सांगितलं असतं आणि विषय मिटला असता. पण तुम्हाला ते विचारायचंच नव्हतं. 'बेळगावात बसून' हे शब्द तुम्ही वाक्याच्या अगदी सुरुवातीला ठेवलेत, म्हणजे काय सुचवायचं होतं ते आम्हाला न कळण्याइतके आम्ही लांबचे नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला आम्ही कर्नाटकातले वाटतो, बंगळूरच्या माणसाला आमचं तोंड महाराष्ट्राकडे दिसतं. दोन्हीकडून आम्ही कडेला. ते आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. पण धातूकामाच्या बाबतीत कुणी ऐकवावं, हे मात्र मला सहन होत नाही. उद्यमबाग, मच्छे, अनगोळ ही नावं तुम्हाला ठाऊक नसतील तर तो आमचा दोष नाही. इथं गल्लीगल्लीत ओतकाम आणि लेथ आहेत.

भट्टीचं तोंड म्हणालात. माझे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्युपोलावर, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर होते. आठवड्यातून दोन दिवस हीट, म्हणजे भट्टी पेटवून ओतकाम, असायची. त्या दिवशी आई मागच्या दारी पाण्याची घागर आणि साबणाची वडी काढून ठेवायची, कारण अंगावरची काजळी धुतल्याशिवाय बाबांना घरात यायचं नसे. त्यांच्या शर्टांच्या बाह्यांना ठिणग्यांची इतकी भोकं असायची, की आईनं शेवटी रफू करणं सोडलं आणि बाह्याच कापून टाकल्या. बाबांकडे एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, लोखंड किती, कोक किती, चुनखडी किती, हे ते दर हीटला तिच्यात लिहीत. महिनाअखेरीला टनामागे कोक किती लागला ते मालक विचारायचा, आणि कोक जास्त लागला तर बाबांना त्या रात्री जेवण जात नसे. कार्बनचा हिशेब मी त्या वहीतून शिकलो. तेव्हा गूगल जन्मालाही आलं नव्हतं.

मी स्वतः डिप्लोमा करून १९९४ साली लेथवर उभा राहिलो. पुढं हत्तरगीला हायवेच्या कडेला विमानाच्या भागांचं सेझ आलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी मी ज्या लहान युनिटमध्ये होतो तिथं टायटॅनियमचा पहिला बार आला. ग्रेड पाच, म्हणजे त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. हातात घेतल्यावर तो पोलादापेक्षा इतका हलका लागला, की आतून पोकळ असेल म्हणून आमच्यातल्या एकानं तो टिचकी मारून पाहिला. मशीनवर घेतल्यावर मात्र त्यानं आमची परीक्षा पाहिली. या धातूतून उष्णता सहज वाहून जात नाही, ती इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या पात्याच्या, टोकावर साचून राहते. ॲल्युमिनियमला मिनिटाला शेकडो मीटरचा वेग देणारे आम्ही इथं पन्नास-साठ मीटरवर आलो. कूलंटची धार जरा हलली तर चिप्सचा रंग बदलायचा. आधी चंदेरी, मग गवती पिवळा, मग जांभळा, निळा. निळी चिप म्हणजे धातूनं गरम असताना हवेतला ऑक्सिजन खाल्ला. रंग बघून मशीन थांबवायला आम्ही शिकलो, आणि ते आम्हाला कुठल्या लेखानं शिकवलं नाही.

त्याच युनिटमध्ये एका पावसाळ्यात चिप्सच्या ड्रमला आग लागली. बारीक, तेलकट चिप्स झाकणाशिवाय ठेवलेल्या होत्या. शेजारी ग्राइंडिंग चाललं होतं, आणि बहुधा त्याचीच ठिणगी त्यात पडली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड. नुकताच लागलेला एक मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला. आमचे जुने फोरमन ओरडले, "काय करूलालास! पाणी नको, वाळू आण, वाळू!" तापलेल्या टायटॅनियमवर पाणी पडलं की त्यातून हायड्रोजन सुटतो, मग आग विझायचं बाजूला राहतं आणि स्फोट होतो. फाउंड्रीच्या दाराशी मोल्डिंगची कोरडी वाळू होती, ती आम्ही घमेल्यांनी ओतली. मुलगा वाचला. त्याच्या हातातली ती बादली मी अजून विसरलेलो नाही. कारखान्याची पायरी चढावी, असा सल्ला तुम्ही या माणसाला देताय.

हे सगळं एवढं लिहायचं कारण माझा मूळ मुद्दाच तिथून निघतो, आणि तुम्ही तो वाचलाच नाहीत. टायटॅनियमचा कार्बन दूरच्या स्पंज कारखान्यात (खनिजातून निघालेल्या सच्छिद्र कच्च्या धातूला स्पंज म्हणतात) तयार होतो हे खरं, पण तो वाया जातो आमच्यासारख्यांच्या जमिनीवर. पाच किलोचा बार मशीनवर चढतो आणि पाऊण किलोचा भाग खाली उतरतो, हे मी स्वतः केलेलं काम आहे. उरलेल्या सव्वाचार किलोचं काय होतं?

त्या सव्वाचार किलोंमागं काय असतं ते बघा. खनिजाला कोक आणि क्लोरीन देऊन त्याचं टेट्राक्लोराइड करतात, धंद्यात त्याला 'टिकल' म्हणतात. एक किलो धातूसाठी ते सुमारे चार किलो लागतं. मग बंद भांड्यात आठशे-साडेआठशे अंशांवर मॅग्नेशियम देऊन त्यातला क्लोरीन काढून घेतात. त्यासाठी साधारण एक किलो मॅग्नेशियम जातं आणि चार किलो मॅग्नेशियम क्लोराइड उरतं. शिल्लक क्लोराइडचं मीठ आणि मॅग्नेशियम निर्वातात उडवायला कित्येक तास जातात, एकेक घाणा कित्येक दिवस चालतो, आणि तयार झालेला स्पंज भांड्यातून अक्षरशः फोडून काढावा लागतो. कोकमधून रासायनिक हिशेबानं निघणारा कार्बन डायऑक्साइड किलोला किमान ०.९ किलो आहे. पण त्या मॅग्नेशियम क्लोराइडमधून मॅग्नेशियम परत मिळवायला किलोला दहाहून जास्त युनिटं वीज लागते, आणि आपल्या देशाच्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे एकट्या मॅग्नेशियमचेच सात किलो झाले. आणि मॅग्नेशियम बाजारातून घेतलेलं असेल, पिजन पद्धतीनं कोळशावर बाराशे अंशांना भाजून काढलेलं, तर विचारूच नका.

'क्रोल ऐंशी वर्षं तीच आहे' असं तुम्ही म्हणता. प्रक्रिया तीच आहे, मान्य. पण तिच्यात जाणारी वीज तीच राहिलेली नाही, आणि हिशेबाचा मोठा भाग तिचाच आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या मी यल्लम्माच्या वाटेवर दर वर्षी बघतो. तिकडं तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला दोन हजार मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. वीज बदलली तर जुन्याच भट्टीतला धातू वेगळा होतो. आपल्या सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टायटॅनियम आहे आणि व्हॅनेडियमही आहे, पण ज्याच्याशिवाय स्पंज होत नाही ते मॅग्नेशियम नाही. मला ही गोष्ट खटकते, आणि तुमच्यासारख्या अभियंत्यानं खरं तर तिच्यावर लिहायला हवं होतं.

केंब्रिजचा फ्रे-फार्दिंग-चेन यांचा शोध २००० साली 'नेचर'मध्ये आला. वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ऑक्साइडमधला ऑक्सिजन विजेनं खेचून घ्यायचा. त्याला अजून क्रोलची जागा घेता आलेली नाही, आणि त्यात ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनचाच, ॲनोड असला तर कार्बन तिथंही निघतोच. हे मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुम्ही ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून परत मलाच वाचून दाखवलंत.

आता चिप्सकडे. टायटॅनियम साध्या इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवता येत नाही, हवा आणि भट्टीचं अस्तर दोन्ही ते खातं. निर्वात किंवा निष्क्रिय वायूची भट्टीच लागते. आणि तिथं जाणारा माल स्वच्छ लागतो. निळ्या चिप्समध्ये ऑक्सिजन वाढलेला असतो, आणि ग्रेड पाचमध्ये त्याची मर्यादा ०.२ टक्के आहे. तुटलेल्या कार्बाइड इन्सर्टचा तुकडा आत राहिला तर तो वितळत नाही, धातूत तसाच बसतो. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला विमान पडलं आणि शंभरावर माणसं गेली. त्याच्या इंजिनातल्या टायटॅनियमच्या चकतीत, धातू वितळवताना नायट्रोजनमुळं तयार झालेला एक कठीण कण राहिला होता. तिथून चीर वाढत गेली. म्हणून मळलेल्या, मिसळलेल्या चिप्स विमानाच्या धातूकडे परत जात नाहीत. भंगारवाला त्या पोलादाच्या टर्निंगबरोबर उचलतो, आणि नशीब बरं असलं तर त्यांचं फेरोटायटॅनियम, म्हणजे लोखंड-टायटॅनियमचं मिश्रण, होऊन त्या पोलादात जातात. त्या सात किलोंचा, त्या चार किलो टिकलचा सगळा खर्च तिथं संपतो.

ज्या भट्ट्यांमध्ये इलेक्ट्रॉनच्या झोतानं धातू थंड तांब्याच्या परातीत वितळवतात, तिथं जड कार्बाइड तळाशी बसतं आणि भंगाराचं प्रमाण वाढवता येतं. हे नवं तंत्र कागदावरचं नाही, ते चालू आहे. पण ते चालायला आमच्याकडून निघणारी चिप धुतलेली, सुकवलेली, ग्रेडप्रमाणे वेगळी बांधलेली हवी. त्यासाठी लागतं काय? झाकणाचे दोन ड्रम, खडूनं लिहिलेला हीट नंबर (बार कुठल्या घाण्यातला, तो आकडा), कूलंट निथळायला जाळी, आणि चिप्सचा रंग ओळखणारा एक माणूस. केरळमधल्या चवऱ्याचा आपला स्पंज कारखाना २०११ मध्ये सुरू झाला, त्याची क्षमता वर्षाला ५०० टन. ज्या देशात स्पंज एवढा मोजका होतो, तिथं चिप्स मातीमोल विकणं मला बघवत नाही. लेख त्यासाठी होता.

रंगाचा मुद्दा: होय, नव्वद टक्क्यांच्या आसपास खनिज रंगातच जातं. तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा लेख लागेल. लाल चिखलाचंही तसंच. चंदगडकडचं बॉक्साइट आणि यमनापूरचा ॲल्युमिना कारखाना मला नवा नाही, आणि 'परवडत नाही' हे मी कुठं नाकारलं? नव्या धातूला विमानवाल्यांची मान्यता मिळायला वर्षं लागतात आणि तो खर्च कोण करणार, हा तुमचा आणखी एक मुद्दा. त्यावर आत्ता बोलत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. आणि तुम्ही कोणत्या भट्टीसमोर किती वर्षं उभे राहिलात, तेही लिहा, म्हणजे वाचकांना दोघांचंही कळेल. बेळगावला आलात तर उद्यमबागेत या, ड्रम दाखवतो. रविवार सोडून कधीही.