टीबीच्या रुग्णाला घर सोडायला सांगणारे आपण कोण?

आमच्या सोसायटीतील एका भाडेकरू कुटुंबात टीबीचा रुग्ण असल्याने त्यांना घर रिकामे करायला सांगावे, असा संदेश आज ग्रुपवर आला आणि शिकल्यासवरलेल्या माणसांनी त्याला संमती दिली, तेव्हापासून माझा संताप आवरत नाही.

माझे धाकटे मामा नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात होते. खासगी दवाखान्यात खोकल्याच्या बाटल्या बदलत राहिल्या, पण थुंकी तपासून घ्या असे कोणी सांगितले नाही. टीबीचे निदान झाले ते महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, थुंकीतील टीबीचे जंतू ओळखणाऱ्या ट्रूनॅट तपासणीने. टीबीवरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हेही त्याच नमुन्यावरून कळले. तपासणी विनामूल्य, औषधेही विनामूल्य. मात्र घराजवळचे केंद्र सोडून मामा गोदावरी ओलांडून पंचवटीत जात, कारण ओळखीचे कोणी दिसेल ही धास्ती. ही धास्ती त्यांना कोणी घातली? असे संदेश लिहिणाऱ्यांनीच!

फुफ्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो, हे मान्य. परंतु योग्य औषधे नियमित सुरू झाली की संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. खरा धोका असतो तो निदानच न झालेल्या, भीतीपोटी घरात खोकत बसलेल्या माणसापासून.

निफाडला एका लग्नाला गेले असता, पाहुण्यांनी विचारू नये म्हणून मामांनी गोळ्या नेल्याच नाहीत आणि परतल्यावरही चालढकल केली. खोकला थांबला म्हणजे जंतू मेले असे नसते, म्हणूनच साध्या टीबीत पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन औषधे घ्यावी लागतात. मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

केंद्रात गर्दी असते आणि मध्यंतरी औषधांचा तुटवडाही झाला होता, हे नाकारत नाही. तरीही तिथल्या आरोग्यसेविका मामांना एका शब्दानेही न रागावता घरी आल्या, लघवी नारिंगी होते ती औषधामुळे, घाबरू नका, असे मामींना समजावले आणि पोषण आहारासाठी दरमहा मिळणाऱ्या १००० रुपयांसाठी बँकेचे कागदही पाहून दिले. मामांनी उपचार पूर्ण केले.

ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, सायंकाळी ताप येतो किंवा वजन घटत आहे, त्यांनी तपासणी करून घ्यावी. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर मला कळवा. मामा सोबत यायला तयार आहेत, आताच फोनवर तसे म्हणाले.