शाळेत ६/६, मग थेंब कशाला? : एका पालकांच्या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा देताना तुम्ही लिहिलंय की शाळेच्या तपासणीत नजर ६/६ आली असूनही आम्ही डोळ्यात थेंब घातले, घटक चाचणीच्या आदल्या दिवशी पोराला पुस्तकातलं वाचता येईना, आणि हा सगळा खटाटोप चष्मा खपवायला. मुलाचा नंबर इथे चारचौघांत सांगणार नाही, बाकीचं सांगतो.

शाळेत आलेलं पथक चुकलं असं मी म्हटलेलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही माणसं वर्षातून एकदा येतात, डोक्यापासून पायापर्यंत पोरं बघतात, त्यातच ६ मीटरवरचा तक्ता वाचून घेतात. पण तक्त्यावर लांबचंच कळतं. प्लस नंबरचं मूल, म्हणजे ज्याला जवळचं बघायला जास्त ताण पडतो ते, डोळ्यातल्या भिंगाला ताण देऊन खालची ओळसुद्धा धडाधड वाचून मोकळं होतं. मग संध्याकाळी अभ्यासाला बसलं की कपाळ दुखतं, ओळी सुटतात, आणि कंटाळा करतो म्हणून ओरडा खातं. थेंबांनी तो ताण सुटतो, तेव्हा खरा नंबर सापडतो. जवळचं अंधुक दिसणं त्यातूनच येतं आणि साधारण दिवसभरात उतरतं. चाचणी आहे हे थेंबांआधी बोलला असतात, तर मीच पुढची तारीख दिली असती.

शिवाय पोरं बिलंदर. डोळा झाका म्हटलं की बोटांच्या फटीतून बघतात! हसू येतं, पण एका डोळ्याचा नंबर जास्त असून तसाच राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकेनासा होतो. हाच आळशी डोळा. वयाच्या ७-८ वर्षांच्या आत सापडला तर चष्म्याने आणि पट्टीने बराच सुधारतो, पुढे अवघड जातं. म्हणून आमच्याकडे पहिल्या तपासणीला प्रत्येक मुलाला थेंब घालतो, तुमच्या एकट्याला नाही.

नंबराचा कागद तुमच्याच हातात दिलाय. चष्मा कुडाळला करा, सावंतवाडीला करा, कुठेही चालेल. भिंग मात्र पॉलीकार्बोनेटचं घ्या, चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. आणि धातूची स्वस्त फ्रेम नको. आपल्या खाऱ्या हवेत तिचे स्क्रू गंजतात.

तरी शंका असेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथेही थेंब घालूनच तपासायला सांगा, आणि पोराला टोपी न्या, थेंबांमुळे येताना ऊन सोसवत नाही.