दात दुखेपर्यंत थांबा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

या महिन्यात तीन पेशंटनी मला एकच मेसेज दाखवला. «लेझरने दात तापवून तपासतात, त्याने आतली नस मरते. डोळ्यांना न दिसणारी कीड दाखवून पैसे काढायचा हा धंदा आहे. दात दुखला तरच डॉक्टरकडे जा.» मी दंतवैद्य आहे. यातलं शेवटचं वाक्य वाचून मला खरोखर काळजी वाटली, म्हणून लिहितेय.

आधी नस मरण्याबद्दल. लेझरने दात किंचित तापवून कीड शोधायची ही पद्धत कॅनडात टोरांटो विद्यापीठातल्या आंद्रेयास मँडेलिस यांच्या प्रयोगशाळेत घडली, तिच्यातूनच पुढे ‘कॅनरी’ हे यंत्र आलं. लाल लेझरचा मंद झोत दातावर ठरावीक तालात कमी-जास्त होतो आणि दात तापतो तो एक अंश सेल्सिअसपेक्षाही कमी. नसेला किती उष्णता सोसते, याचा माकडांवरचा प्रसिद्ध प्रयोग १९६५ सालचा आहे. नसेचं तापमान ५.५ अंशांनी वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. लेझरची उष्णता त्याच्या जवळपासही जात नाही. गरम चहाचा घोट दाताला याहून जास्त तापवतो.

आता ‘न दिसणारी कीड’. एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. गोड खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. गंमत म्हणजे वरचा थर बराच काळ शाबूत राहतो, पोकळ होतं ते त्याच्या खालचं. अशा सच्छिद्र जागी उजेड जास्त विखुरतो, उष्णता वेगळ्या रीतीने पसरते, लेझरचा उजेड पडल्यावर दात स्वतः जी मंद चमक देतो, तीही बदलते. दातातून परत येणारी उष्णता आणि ही चमक यंत्र एकत्र मोजतं. झोताचा ताल संथ केला की आणखी खोलवरचं कळतं. दाढेच्या खाचांमधली अशी सुरुवात एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे, हेही इथेच सांगते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘अळ्या’ काढून दाखवणारे अजून भेटतात.

पैशांच्या शंकेत मात्र थोडं तथ्य आहे. उष्णता न मोजता केवळ ही चमक मोजणारी, पेनासारखी लेझर यंत्रं डाग किंवा टार्टर असला तरी मोठा आकडा दाखवू शकतात. म्हणून आधी दात साफ करायला हवेत. नुसत्या आकड्यावर कुणी ड्रिल उचललं तर कारण जरूर विचारा. पण लवकर कळलेल्या किडीला बहुधा ड्रिल लागतच नाही, कारण लाळेतलं कॅल्शियम आणि फ्लोराइड ती जागा पुन्हा भरू शकतात.

आणि दुखण्याची वाट बघणं? एनॅमलला नस नसते, ते दुखणार कसं? रात्री ठणका लागून लवंगेचं तेल शोधायची वेळ येते, तोवर कीड बहुतेकदा नसेपर्यंत पोहोचलेली असते. मग रूट कॅनल, नाहीतर दात काढणं.

माझ्याकडे हे यंत्र नाही. मागच्या वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीची नवी दाढ हवेच्या झोताने पाच सेकंद कोरडी केली, तेव्हा खडूसारखा पांढरा ठिपका उमटला. ओली असताना तो दिसत नव्हता, छिद्रांत पाणी होतं ना! फ्लोराइड वार्निश लावलं, आईने रात्रीचं ब्रशिंग स्वतः हातात घेतलं. आता ठिपका आहे, पण गुळगुळीत आणि चकचकीत. त्या दाढेला ड्रिल लागलेलं नाही.