मृत्युपत्रात चहा नाही

"बाबा, एकाच चित्रकाराचं म्युझियम आहे," असं म्हणून लेक आम्हाला डेन्व्हरमधल्या क्लिफर्ड स्टिल म्युझियमला घेऊन गेली. मला हायसं वाटलं. एकच माणूस, म्हणजे पंधरा मिनिटं. घरी येऊनच खाऊ म्हणून मी उपाशीच निघालो.

म्युझियम बघायची माझी एक रीत आहे. एखादा चित्रकार कळेनासा झाला की दुसऱ्याकडे पळायचं, तोही कळला नाही की कॅन्टीन गाठायचं. स्टिलसाहेबांनी दोन्ही वाटा मरण्यापूर्वीच बुजवल्या होत्या. १९८० साली ते गेले. मागे मृत्युपत्र असं, की सगळी चित्रं अमेरिकेतल्या अशा शहराला द्यावीत जे केवळ त्यांच्यासाठी कायमची जागा बांधेल. तिथे दुसऱ्या कुणाचं चित्र लावायचं नाही आणि उपाहारगृह काढायचं नाही! असं शहर मिळेपर्यंत २००४ उजाडलं, दार उघडलं २०११ मध्ये. मृत्युपत्रांवरून आमच्याही भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, पण वारसांचा चहा तोडणारा पूर्वज अजून निघालेला नाही.

लेकीने सांगितलं, दार उघडलं त्याच वर्षी शहराने यातली चार चित्रं लिलावात काढली, अकरा कोटी डॉलरांहून जास्त आले.

"आणि तरी चहा नाही?" बायकोने विचारलं.

चित्रांना नावं नाहीत. बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच काही भरलं जाऊ नये म्हणून त्यांनी ती दिलीच नाहीत. पाटीवर नुसतं 'पीएच' आणि पुढे आकडा. आयुष्य बांधकाम खात्यात गेलेल्या माणसाला हा पाण्याचा नमुना तपासल्याचा शेरा वाटतो. चित्रकाराने नावं ठेवली नव्हती, ती मी मनातल्या मनात ठेवत चाललो होतो.

सुरुवातीची चित्रं बरी होती. शेतात राबणारी माणसं, हात एवढे लांब आणि थोराड की नांगराची गरजच नाही. मग दालनागणिक माणूस विरघळत गेला आणि उरले सुरीने थापलेल्या रंगाचे भिंतभर पोपडे. काळा, तांबडा, मधेच फाटल्यासारखा पिवळा. असल्या भिंती दिसल्या की मी ओल कुठून येते ते शोधायला माणूस पाठवत असे.

मी मात्र अडकलो होतो खऱ्या भिंतींपाशी. उघडं काँक्रीट, त्यावर उभ्या फळ्यांचे ठसे, कडेने मसाला बाहेर आलेला, आणि हे सगळं मुद्दाम! माझ्या ठेकेदाराने असं शटरिंग केलं असतं तर बिल अडवलं असतं. इथे मी हळूच बोट फिरवणार, तोच लेक म्हणाली, "बाबा, चित्रं तिकडे आहेत."

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. धाप लागली म्हणून मी एका प्रचंड काळ्या चित्रासमोर छातीवर हात ठेवून थांबलो. शेजारच्या गृहस्थांनी आदराने वाट करून दिली. तेवढ्यात त्या शांततेत माझ्या पोटातून एक दीर्घ गुरगुर निघाली. गृहस्थांनी चमकून आधी चित्राकडे पाहिलं.

बायकोला खूण केली, निघू या. ती बाकावर बसून त्या पिवळ्या फटीकडे बघत होती.

"थांबा हो जरा," ती म्हणाली, "आत्ता कुठे दिसायला लागलंय."

मी परत काँक्रीटकडे गेलो.