टक्का नको, हिशेब दाखवा

15 ऑक्टोबर जवळ आला की माझ्या डोक्यात तिडीक जायला सुरुवात होते. गोदावरीवरचं आमचं जायकवाडी धरण किती टक्के भरलं? 65 च्या वर का खाली? वर असलं तर सगळे गप्प. खाली असलं की आमच्याकडचे, म्हणजे मराठवाड्याचे, पुढारी रस्त्यावर आणि नदीच्या वरच्या अंगाच्या नाशिक-नगरचे पुढारी कोर्टात. टीव्हीवर दोघांचं भांडण. आणि वर्षभर पाणी नेमकं कुणी किती वापरलं, हे त्या दोघांतल्या एकालाही धड सांगता येत नाही.

नियम आहे, नाही असं नाही. समन्यायी वाटपाचा कायदा 2005 चा, वरच्या धरणांतलं पाणी कसं सोडायचं ते सांगणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल 2013 चा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश 2014 चा. 15 ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा उपयुक्त (वापरता येणारा) साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. तत्त्व मला शंभर टक्के मान्य, सही करून देतो. पण वाटणी करायला आधी बेरीज लागते ना? ती कुठाय?

धरणातलं पाणी मोजणं त्यातल्या त्यात सोपं. पातळी वाचली, तक्त्यात बघितलं, टक्का निघाला, पेपरात छापून आला. विहिरी, बोअर, नदीकाठच्या मोटारी यांचं काय? तिथं सगळा अंदाजपंचे कारभार. पीकपेऱ्यावरून किंवा उपग्रहाच्या चित्रावरून गणित मांडायचं आणि ते कुणाच्या सोयीचं नसलं की फाईल बंद. 2009 चा भूजल कायदा सांगतो, 60 मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर मारायची नाही. आमच्याकडं बोअरची गाडी 60 मीटरला कुठं नुसती तापायला लागलेली असते. शेततळ्याची तर वेगळीच तऱ्हा. पावसाचं पाणी धरायला काढलेली योजना, आणि लोक विहिरीचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरतात आणि उन्हात वाळत घालतात. ही वाफ कुणाच्या खात्यावर टाकायची?

आता आमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल मराठवाड्याचा आहे, एकतर्फी लिहितो. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, ही परात आहे. पसरट, उथळ, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणी. एकूण 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याला न येणारं तळाचं पाणी. बाकीचं उन्हाळ्यात किती उडून जातं, तर वरच्यांच्या भाषणात एक आकडा आणि आमच्या भाषणात त्याच्या निम्मा. बाष्पीभवन काय जिल्हा बघून होतं का? आणि धरणाच्या कडेनं जो ऊस उभा आहे त्याच्याविषयी दोन्हीकडचे पुढारी मौनव्रतात. कारखाने कुणाचे आहेत, हे मी सांगायला पाहिजे असं नाही.

2023 ला वरून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला. केवढा गाजावाजा! पण हा आकडा धरणाच्या दारातला. मध्ये कोरडं पात्र, बंधारे, दोन्ही काठांवर मोटारी. वाळूनं किती प्यायलं, बंधाऱ्यात किती अडलं, मोटारींनी किती ओढलं, यावरून पुन्हा नवं भांडण. पाण्यासोबत पोलीस पाठवतात, वीज तोडतात, बंधाऱ्याच्या फळ्या काढायला माणसं धावतात. ठिकठिकाणी नीट मोजमाप करायला मात्र हात आखडता.

आमच्या चारीवरची, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरची, पाणी मोजायची गेजपट्टी बघायला या एकदा. रंग उडालाय, खालचे आकडे गाळात, वरच्या आकड्यांवर शेवाळ. दुपारी म्हशी तिलाच अंग घासतात. आणि रजिस्टर? महिनाभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत, एका ओळीत. आवर्तन असो नसो, म्हणजे कालव्याला पाणी सुटो न सुटो, अक्षर झकास. हीच रजिस्टरं वर जातात, त्यांचीच बेरीज होते आणि मग एसीत बसून कुणीतरी म्हणतं, लाभक्षेत्रात पाण्याचा वापर जास्त आहे. अहो, टेलला, कालव्याच्या शेवटाला, पाणी आलं कधी? डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे, कागदावर.

सगळ्यात राग येतो तो 'पाणी वाचलं' या जाहिरातीचा. ठिबक केलं, चाळीस टक्के बचत! बरं. पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं पाझरून खालच्या माणसाच्या विहिरीला लागायचं. ते बंद झालं. वाचलेल्या पाण्यावर ठिबकवाल्यानं अजून दोन एकर लावले. म्हणजे खोऱ्यातून पाणी जास्तच गेलं, पण कागदावर बचत आणि वर अनुदान. (ठिबक माझ्याकडंही आहे, चांगलं चालतं. प्रश्न हिशेबाचा आहे.) घेतलेलं पाणी वेगळं आणि खर्ची पडलेलं पाणी वेगळं, ही काही आज लागलेली अक्कल नाही. कृष्णा नदीचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादानं सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलं की पिण्यासाठी उचललेल्या पाण्यातलं 20 टक्केच वापरात धरायचं, कारखान्याचं अडीच टक्के, कारण बाकीचं नदीत परत येतं. आता गोदावरीत नाशिक शहराचं पाणी परत येतं ते कुठल्या अवस्थेत येतं, तो वेगळा संताप, त्यावर पुन्हा कधीतरी. पण मोजायची पद्धत पन्नास वर्षांपूर्वी माहीत होती आणि आपण अजून टक्क्यावर गळे काढतोय.

इकडं कालव्याचं पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज भरायची तारीख लागलीय. गहू किती लिहू, हरभरा किती? पाण्याच्या पाळ्या किती मिळतील म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, वरून निर्णय येऊ द्या. वरून म्हणजे नाशिकहून, मुंबईहून का दिल्लीच्या कोर्टातून, तेही त्यांना माहीत नाही. पेरणी काय कोर्टाच्या तारखेला धरून करू?