बरोबरी म्हणजे पळपुटेपणा?

‘क्लब पातळीच्या खेळाडूंचा डाव बरोबरीत सुटला, म्हणजे दोघंही घाबरले. एक मोहरा वर असलेल्याला जिंकता येत नसेल तर खेळावं कशाला? आणि अर्ध्या गुणाने मिळतं काय?’ बुद्धिबळाबद्दलचा हा मजकूर हौसेने पुढे पाठवला जातोय.

आधी भीतीचं. दहा-बारा चालींत हात मिळवून उठणारे असतात, ते मलाही आवडत नाहीत. पण बरोबरीला प्रत्येक वेळी संमती लागतेच कुठे? तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा 50 चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर एकटा खेळाडूही दावा करू शकतो. हरत आलेला खेळाडू वजिराने शहामागून शह देत सुटतो, तेव्हा समोरचा चरफडत असतो. त्यात घाबरलं कोण?

मोहरा वर असण्याचा मुद्दा तर मोहऱ्यांचे गुण मोजण्यापलीकडे जातच नाही. पांढऱ्याकडे उंट आणि अगदी कडेचं, ‘ए’ पट्टीतलं प्यादं आहे. काळ्याकडे नुसता राजा. पण उंट काळ्या घरांचा असेल आणि काळा राजा ए8 च्या कोपऱ्यात, म्हणजे प्यादं वजीर होणार त्याच घरात, पोहोचला असेल, तर डाव जिंकताच येत नाही. ए8 घर पांढरं, त्यामुळे उंट राजाला तिथून हुसकू शकत नाही. फार रेटलं तर स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण खेळायला चालही नाही, आणि डाव बरोबरीत. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती या डावातही तेच. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीत. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना बिनचूक खेळणारा क्लबचा खेळाडू माझ्या लेखी कौतुकालाच पात्र आहे.

‘मोठे खेळाडू असं करत नाहीत’ हे शेपूटही काही जण जोडतात. 2018 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे क्लासिकल (जास्त वेळ देऊन खेळायचे) डाव 12 झाले, बाराही बरोबरीत. पहिलाच 115 चाली चालला. बाराव्यात मात्र कार्लसनने चांगल्या स्थितीत बरोबरी देऊ केली; त्यावर टीका झाली, ती रास्तच.

राहिला बरोबरीत प्रत्येकाला मिळणारा अर्धा गुण. रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या आकड्यात, 200 ने वरचढ खेळाडूविरुद्ध तुमच्याकडून एका डावात 0.24 गुणांची अपेक्षा असते. बरोबरी केलीत तर के-गुणक (अपेक्षेतला फरक ज्याने गुणायचा तो आकडा) 20 धरून रेटिंग 5.2 ने वाढतं. समोरच्याचा गुणकही तोच असेल, तर त्याचं तेवढंच घटतं.