‘शासनमान्य’ म्हणजे काय मान्य? एका क्लासचालक सरांना उत्तर

सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, माणूस निम्मं खरं बोलतोय. त्याला दोन ओळीत कटवणं बरं नाही. म्हणून हे लांबण.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी ॲम्ब्युलन्सवरचं काम शिकवणाऱ्या खासगी क्लासेसबद्दल लिहिताना ‘सहा महिन्यांचे हे सगळे कोर्स बोगस’ असं म्हटलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं: मान्यता म्हणजे फाइल आणि पाकीट, अमेरिकेतसुद्धा ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणारा) दीडशे-पावणेदोनशे तासांत तयार होतो, विडी वळणाऱ्या बाईच्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराच्या पोराला चार वर्षं शिकत बसणं परवडत नाही, आणि १०८ वर डॉक्टर असतोच, मग आमच्या मुलांनी कोणाचं काय बिघडवलं? शेवटी ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं मॅडम’.

एसीचं आधी उरकते. सोलापुरातल्याच एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षं कॅज्युअल्टीची सिस्टर होते. एसी होता तिथे, डॉक्टरांच्या केबिनमध्ये.

आता माझी चूक. ‘सगळे बोगस’ हे वाक्य मी रागात लिहिलं आणि ते चुकीचं आहे. कौशल्य विकासाच्या राष्ट्रीय चौकटीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, बेसिक’ ही रीतसर पात्रता आहे. आपल्या राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे, तेही अल्प मुदतीचे कोर्स चालवणाऱ्या संस्थांना मान्यता देतं. म्हणजे कोर्स छोटा आहे एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. लेखातलं वाक्य खोडलंय, पण पुसलेलं नाही. खोडलेलं दिसेल असंच ठेवलंय.

पण तुम्ही प्रतिक्रियेसोबत जे पत्रक जोडलंत, त्यानेच माझं काम सोपं केलं. पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय आहे? ‘शासनमान्य’. आपल्याकडे या शब्दाचं भारी वजन. देशी दारूच्या दुकानावरही ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. खाली बारीक अक्षरात तुम्ही तीन क्रमांक दिलेत. एक उद्यम नोंदणीचा, एक सोसायटी नोंदणीचा आणि एक आयएसओ ९००१ चा. उद्यम नोंदणी म्हणजे तुमचा लघुउद्योग आहे, एवढंच. ती पिठाच्या गिरणीलाही मिळते. सोसायटी नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते, भजनी मंडळाचीही होते. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. तुम्ही काय शिकवता याच्याशी त्याचा संबंध नाही. या तिन्हींपैकी एकाही कागदावर सही करणाऱ्याने तुमच्या वर्गातल्या मुलाला अंबू बॅग (श्वास थांबलेल्याला हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) दाबता येते का, हे पाहिलेलं नाही. ते पाहणं त्याचं कामच नव्हतं. सर, तुम्ही खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण पालक जे समजतात ते तिथे लिहिलेलं नाही, आणि ते तसं समजतात हे तुम्हालाही माहीत आहे.

माझ्या मावसभावाचा मुलगा असाच एका ठिकाणी पंचेचाळीस हजार भरून आला. सोलापुरात नाही, दुसऱ्या गावात. प्रमाणपत्रावर होलोग्राम, तीन सिंहांसारखं दिसणारं काहीतरी चित्र, आणि ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द. नोकरीला गेला तेव्हा विचारलं, कोणत्या परिषदेची नोंदणी? त्याला परिषद म्हणजे काय, हेच कोणी सांगितलं नव्हतं. आता तो मेडिकल दुकानात आहे.

अमेरिकेचा तुमचा दाखला मला आवडला, कारण तासांचा आकडा तुम्ही बरोबर दिलात. तिथला बेसिक ईएमटी साधारण तेवढ्याच तासांत शिकतो. मीही तुमच्या पत्रकावरून हिशेब केला: आठवड्याला तीन दिवस, रोज दोन तास, सव्वीस आठवडे. १५६ तास. जवळपास जुळलं की! फक्त त्या तासांच्या पुढे-मागे काय असतं ते तुम्ही सोडून दिलंत. तिथे कोर्स सुरू करायलाच त्या त्या राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाची मंजुरी लागते. कोर्स संपला की परीक्षा क्लासचे सर घेत नाहीत. १९७० पासून त्यासाठी वेगळी राष्ट्रीय नोंदणी संस्था आहे. मग राज्याचा परवाना. राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं, पुढे शिकत राहिलं तरच नूतनीकरण. पॅरामेडिकची, म्हणजे ईएमटीच्या वरच्या पायरीची, गोष्ट आणखी कडक: २०१३ पासून अधिमान्यता असलेल्या कोर्समधून आलेल्यालाच त्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दीडशे तासांच्या माणसाला तिथे कामही दीडशे तासांचंच देतात. ऑक्सिजन, बॅग-मास्क, रक्तस्राव थांबवणं, हाड बांधणं, एईडी (बंद पडत्या हृदयाला झटका देणारं यंत्र) लावणं. सुई टोचून शीर धरणं (आयव्ही) किंवा घशात नळी घालणं (इंट्युबेशन) हे सहसा त्याच्या कक्षेत नसतं. तुमच्या पत्रकात १५६ तासांत आयव्ही आहे, इंट्युबेशन आहे, ईसीजी आहे, बाळंतपण आहे, वर ‘अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड मोफत’. ते कार्ड चांगलंच आहे, पण बेसिक लाइफ सपोर्टचा तो कोर्स अर्ध्या दिवसाचा आणि कार्ड दोन वर्षांचं. ॲम्ब्युलन्सवर काम करण्याचा तो परवाना नव्हे. तासांपुरतं अमेरिकेकडे बोट दाखवायचं आणि कामाची यादी आपल्या मनाची करायची, हे काही जमत नाही सर.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण ‘असा कायदाच नाही’ असं तुम्ही ओघात लिहून गेलात. आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा, २०२१. त्याच्या परिशिष्टात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं आणि ॲडव्हान्स केअर पॅरामेडिकचं नाव स्पष्ट आहे. ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ व्हायचं तर दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. राज्याने परिषद नेमायची, संस्थांना मान्यता द्यायची, माणसांची नोंदवही ठेवायची, अशी रचना. ती उभी करण्यात राज्यांनी इतकी चालढकल केली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कान पिळावे लागले. म्हणजे सरकार झोपलेलं असतं, ही तुमची तक्रार रास्तच आहे. पण २,००० पुढे १५६ ठेवले की उरतं काय, ते मी वेगळं सांगायला नको.

१०८ चं बोलू. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ती सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ ॲडव्हान्स्ड, ७०४ बेसिक. इतर अनेक राज्यांत ईएमटी असतो तिथे आपण गाडीत डॉक्टर ठेवला, हे बरोबर. पण तुमची मुलं १०८ वर जातच नाहीत. ती जातात खासगी गाड्यांवर, दवाखान्यांबाहेर रांगेत उभ्या असतात त्या. मोहोळकडून, तुळजापूर रोडवरून, अक्कलकोटहून अपघाताचा पेशंट घेऊन आमच्या दारात कोण यायचं? बहुतेक वेळा एक ड्रायव्हर आणि एक पोरगा. गंमत बघा, गाडीसाठी नियम आहेत: एआयएस-१२५ नावाचं मानक ॲम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार पाडतं; रंग, दिवे, स्ट्रेचर सगळं त्यात लिहिलंय. गाडीची इयत्ता ठरलेली, आतल्या पोराची नाही.

त्या पोराची एक गोष्ट सांगते. आमच्याकडून एक पेशंट पुण्याला हलवायचा होता, मास्कने मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन चालू. गाडीत बी टाइपचा एक सिलिंडर. मी विचारलं, ‘किती वेळ पुरेल रे?’ म्हणाला, ‘फुल्ल आहे की ओ मॅडम, पुण्यापर्यंत जातोय.’ भरलेला बी सिलिंडर साधारण १,५०० लिटर. भागिले दहा. दीडशे मिनिटं. पुणं अडीचशे किलोमीटर, कुठेही न थांबता चार तास. म्हणजे सिलिंडर भिगवणच्या आसपास संपला असता, आणि तिथे रात्री दोन वाजता मासे मिळाले असते फार तर. मी वॉर्डातून आणखी दोन सिलिंडर चढवले, पेशंट नीट पोचला. मुलगा वाईट नव्हता, हुशार होता, पेशंटच्या बायकोला धीर देत होता. त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं. फक्त हा भागाकार त्याला कोणी कधी करायला लावला नव्हता. आणि चूक झाली असती तर त्याला शिकवणाऱ्याला विचारायला जायचं कुठे, हे मलाही कळलं नसतं. माझं मान्यतेबद्दलचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

पाकिटाचं म्हणाल तर मी कानावर हात ठेवणार नाही. एका संस्थेत तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सीपीआरचा पुतळा रिक्षातून, सोलापुरी चादरीत गुंडाळून आलेला मी पाहिलाय; तपासणी झाली, पुतळा चादरीसकट परत गेला. मान्यता त्यांना मिळालीही. तरीसुद्धा त्या तपासणीचा एक कागद कुठल्यातरी कपाटात आहे, त्यावर कोणाची तरी सही आहे, आणि माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो. उद्यम नोंदणीच्या क्लासबद्दल मी अर्ज कोणाकडे करू?

पैशाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूची आहे. सगळ्यांना चार वर्षं शिका म्हणणं सोपं आणि निर्दय आहे. माझ्या मते सहा महिन्यांचा माणूस हवाच, पण कामाची यादी लहान आणि ती त्याच्या ओळखपत्राच्या मागे छापलेली. त्यातले निदान शंभर तास पुतळ्यावर नव्हे, खऱ्या कॅज्युअल्टीत, रात्रपाळीसह. आषाढीच्या गर्दीत पंढरपूरला किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नुसतं जॅकेट घालून फोटो काढणं यात धरायचं नाही. पुढे शिकायचं असेल तर हे तास वरच्या कोर्समध्ये मोजले जावेत. आज ते वाया जातात, आणि खरी लूट तिथे आहे. तुमच्यासारख्यांनी एकत्र येऊन हे मागितलं तर पहिली सही माझी.

तोवर पत्रकात एवढा बदल करा: ‘शासनमान्य’च्या जागी कोर्सला मान्यता देणाऱ्याचं नाव लिहा, आणि तसं कोणी नसेल तर शब्द काढा. आयव्ही आणि इंट्युबेशन आजच काढा.

तुम्ही वर्गावर यायचं आमंत्रण दिलंत, ते मी घेतलं. येत्या रविवारी सकाळी दहाला येते. अंबू बॅग माझी आणते, ऑक्सिजनची गणितंही. पुतळा तुमचा आहे ना, की रिक्षा सांगू?